झालं समजा

सोमवार, ३

आजपासून ही ऑर्डरवही बंद. म्हणजे ऑर्डरींसाठी बंद. शेवटची चाळीसेक पानं कोरी राहिली आहेत आणि कोरं पान फेकणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून त्यांत रोजचं काहीबाही लिहीन म्हणतो. पानांवर रकाने छापलेले आहेत: गिऱ्हाईक, माप, चौकट, पल्ला, तारीख. माणसाचा दिवस त्यात कसा बसवायचा ते बघू. आजपुरतं लिहायचं तर गिऱ्हाईक मी, तारीख तीन, माप विचारू नये.

एकतीस वर्षं आमच्या दारांच्या कारखान्यात ऑर्डर घ्यायचं काम मी केलं. बाकी सगळं धाकटा भाऊ बघतो. पुढच्या खोलीत मी, मागच्या शेडमध्ये मिस्त्री आणि त्यांचे चार सुतार, मधे एक लांब बोळ. फोन आला की मी वहीत लिहायचं, चिठ्ठी करायची, बोळातून जाऊन शेडमधल्या खिळ्याला अडकवायची. त्याआधी गिऱ्हाईकाला फोनवरच सांगून टाकायचं, "झालं समजा." माझ्या मते आमचा धंदा या दोन शब्दांवर उभा आहे. धाकट्याच्या मते या दोन शब्दांमुळेच संगणक आणावा लागला.

तर खिळ्यावरच्या जुन्या चिठ्ठ्या संपवून आज संगणक आला. मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाले, "बरं झालं, आता मालकांचं अक्षर लावायला औषधाच्या दुकानात जायला नको." सगळे हसले. धाकटासुद्धा हसला. मी त्याच क्षणी ठरवलं की बोळ ओलांडायचा नाही आणि मिस्त्रींशी बोलायचं नाही. ते त्यांच्या शेडमध्ये, मी माझ्या खोलीत. तसंही आता चिठ्ठी लावायला जायचं कारण उरलेलं नाही.

मंगळवार, ४

हिशेबाच्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला असतो आणि तरी दिवसातून दोनदा हरवतो. त्यांनी मला शिकवलं. फोन आला की ऑर्डर लिहायची, ती झाली "चालू". शेडमध्ये भिंतीवर पडदा लावलाय, त्यावर चालू ऑर्डरी दिसतात, सुतार त्या बघून काम करतात. सगळं आटोपलं की "पूर्ण" असं हिरवं बटण आहे, ते दाबायचं. सगळं आटोपलं म्हणजे नेमकं काय ते मी विचारणार होतो, पण तेवढ्यात चहा आला.

पहिलाच फोन ताईचा. दाजींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना पुढचे काही महिने चाकाच्या खुर्चीतून फिरायचंय. खुर्ची सव्वीस इंच, ताईच्या बाथरूमचं दार चोवीस. ताईने गवंडी बोलावून भिंत फोडून घेतलीसुद्धा. आता तिथे छत्तीस इंचांचं भगदाड आहे आणि त्यावर चादर. दवाखाना दाजींना बावीस तारखेला सोडणार, पण दाजींनी डॉक्टरांना साफ सांगितलंय: बाथरूमला दार बसल्याशिवाय मी घरी जाणार नाही, चादरीमागे बसायला मी काही नाटकातला राजा नाही.

मी म्हटलं, "ताई, बावीसला अठरा दिवस आहेत. झालं समजा."

ती म्हणाली, "मला समजायचं नाहीये. मला दार पाहिजे."

लहानपणापासून ती अशीच. मी नीट माप लिहिलं, ऑर्डर टाकली. शब्द दिला, लिहून काढलं, आता माझ्याकडून काय राहिलं? काही नाही. हिरवं बटण दाबलं. संगणकाने विचारलं, माल पोहोचला? होय. बिल झालं? होय. धाकट्याने बजावलंच होतं की त्याच्याशी वाद घालू नका, विचारेल त्याला होय म्हणा. ऑर्डर टुणकन नाहीशी झाली. पूर्वी चिठ्ठ्या महिनामहिना खिळ्याला लोंबत राहायच्या आणि बघून जीव दडपायचा. हे प्रकरण वाटलं होतं तेवढं वाईट नाही.

बुधवार, ५

सकाळी नऊलाच ताईचा फोन. तिच्या मोबाइलवर निरोप आलाय की आपली ऑर्डर पूर्ण झाली आहे, धन्यवाद. "कुठे पूर्ण झाली? मी बाथरूमसमोर उभी आहे आणि समोर चादर आहे."

मी समजावलं की ही नव्या पद्धतीची बोलण्याची रीत आहे, ती आधीच सांगून मोकळी होते. ताई म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखीच आहे म्हण की. संगणकाबद्दल आज पहिल्यांदा आपुलकी वाटली.

दिवसभरात आणखी तीन ऑर्डरी आल्या. तिन्ही पूर्ण केल्या. साडेचारला टेबल साफ.

गुरुवार, ६

गवंडी ताईला म्हणाला की दार आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते लागणारच नाही, बाहेर उघडणारं करा. बरोबर आहे. मी ऑर्डर उघडली. वर एक पिवळं कुलूप आणि खाली ओळ: "ही ऑर्डर पूर्ण झाल्यामुळे लॉक आहे. बदल करता येणार नाही."

मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. एकूण अकरा वेळा दाबलं. मग संगणक बंद करून चालू केला, न जाणो त्याचं मन बदललं असेल. नाही.

ही वही चाळून बघितली. एकही पान असं नाही जिथे मी खोडलेलं नाही. डावं खोडून उजवं, सागवान खोडून प्लाय, पाच तारीख खोडून पंधरा, पंधरा खोडून "लवकरच". वहीने कधी हूं की चूं केलं नाही. आणि हा कालचा आलेला मला सांगतो बदल करता येणार नाही. दारं आम्ही बनवतो आणि कुलूप आम्हालाच. शेवटी एका कागदावर "ताईचं दार बाहेर उघडणारं" असं लिहून तो माझ्या संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवला.

शुक्रवार, ७

बाई आल्या. कागद बघून त्यांनी चष्मा शोधला, मग वाचला, मग म्हणाल्या, इथे कागद चिकटवायचे नाहीत.

मी विचारलं, पूर्ण झालेल्या ऑर्डरीला कुलूप कशासाठी? माझा विश्वास नाही का? त्यांनी शांतपणे समजावलं. पूर्ण म्हणजे माल गेला, गिऱ्हाईकाच्या हातात कागद गेला, गोदामातून एक दार वजा झालं. आता तुम्ही मागून इथे डाव्याचं उजवं केलं, तर त्यांच्या कागदावर डावं, आपल्याकडे उजवं आणि गोदामात तिसरंच काहीतरी. उद्या भांडण झालं तर खरं कुणाचं धरायचं?

"माझं," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, जे घडून गेलं ते मागे जाऊन कुणाला बदलता येऊ नये, तुम्हालाही नाही, मलाही नाही, धाकट्या साहेबांनाही नाही, म्हणून ते कुलूप आहे. चालू असेपर्यंत हवं तेवढं बदला, कोणी अडवत नाही. पूर्ण झाल्यावर बदल हवा असेल तर माल परत आल्याची नोंद करायची आणि नवी ऑर्डर लिहायची. हे मला पटलं नाही, पण बोलण्यात खोट सापडेना.

"ताईंचं दार गेलं ना पण?" त्यांनी विचारलं.

"गेलं समजा," मी म्हटलं. त्यांनी त्यांच्या कागदावर "गेलं" असं लिहून घेतलं.

बहिणीचं दार परत आलं अशी नोंद मी करणार नाही. घरात काय तोंड दाखवू? मिस्त्रींना समजेल. एकतीस वर्षं त्यांना सगळं समजत आलंय.

सोमवार, १०

ताईचा फोन आता रोज बरोबर चारला येतो. दाराबद्दल एक मिनिट, मग वीस मिनिटं इकडचं तिकडचं. शेजारणीची मांजर चादरीतून आत येते. दाजी दवाखान्यातल्या नर्सला म्हणाले की तुमचं जेवण वेळेवर येतं हीच त्यातली एक चांगली गोष्ट. घरात घड्याळाचा आवाज फार येतो. मी म्हटलं, ताई, मला कामं असतात. तर म्हणाली, चहा घेतेय, संपेपर्यंत बोल. एकटीने चहा प्यायला काय होतं कुणास ठाऊक. आणि एवढा कसला मोठा कप.

घरी हिला सांगितलं की माझं टेबल रोज साफ असतं, एक ऑर्डर शिल्लक नाही. ही म्हणाली, मग स्वयंपाकघरातलं फडताळ बघा, ते चार वर्षं झालेलं समजतेय मी. बायकोला कौतुक म्हणून काही करता येत नाही.

गुरुवार, १३

बोळाच्या तोंडाशी स्टुलं. काल तीन होती, आज सात. टाकाऊ लाकडाची, पण कडा अशा गुळगुळीत की हात फिरवावा. मिस्त्री कामाच्या वेळात स्टुलं करताहेत. ऑर्डरी माझ्याकडून धडाधड पूर्ण होताहेत आणि हे बसून स्टुलं ठोकताहेत. करवतीचा आवाज बंद झालाय म्हणून मी धाकट्याला म्हणालो की नवी यंत्रं फारच शांत आहेत. तो म्हणाला, नवी यंत्रं आणलेलीच नाहीत.

मिस्त्री समोरून गेले. काहीतरी बोलायला थांबल्यासारखे वाटले. मी मुद्दाम वहीत डोकं घातलं. आधी त्यांनी बोलायला पाहिजे.

शुक्रवार, १४

आजचा दिवस इथे ठळक लिहून ठेवतो. बाईंनी पंधरवड्याचा अहवाल काढला आणि धाकटा तो घेऊन माझ्या खोलीत आला. आलेल्या ऑर्डरी अकरा, पूर्ण झालेल्या अकरा, शंभर टक्के. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. धाकटा माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, "दादा, मला वाटलं होतं तुम्हाला हे जमणार नाही. मी चुकलो."

लहानपणी मी त्याला सायकल शिकवली होती, तेव्हाही तो असं काही म्हणाला नव्हता. संध्याकाळी घरी जाताना बोळाच्या तोंडाशी स्टुलं मोजली, बारा. त्यावरही काही बोललो नाही, इतका आनंदात होतो.

रविवार, १६

दवाखान्यात दाजींना भेटून आलो. दाजी चाळीस वर्षं स्टेशनमास्तर होते. अजूनही झोपताना घड्याळ उशाला लागतं. त्यांच्याबरोबर ताई होती, तिने सफरचंदं कापून आणली होती आणि दोघं एकमेकांना मीठ कमी का जास्त यावरून बोलत होते.

दाजींनी विचारलं, दार कुठवर आलं? मी म्हटलं, झालं समजा. त्यांनी हे ऐकून डोळे मिटले. ताई मला जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तुझ्या गमजा मला माहीत आहेत. पण हे बावीसला आले नाहीत तर मला त्या घरात राहवणार नाही रे." मग लगेच म्हणाली की मांजर फार येते म्हणून म्हणतेय.

मी म्हटलं, मांजरीचं काय एवढं, खिडकी लाव.

बुधवार, १९

दाताच्या डॉक्टरांचा फोन. त्यांच्या आतल्या खोलीचं दार आमच्याकडे आहे. त्यांना ऑर्डर पूर्ण झाल्याचा निरोप येऊन बारा दिवस झाले, दार नाही. बाहेर बसलेल्या पेशंटला आतलं सगळं दिसतं आणि दोघं जण आपला नंबर यायच्या आत घरी गेले. मी म्हटलं, टेम्पो निघाला समजा.

मग टेम्पोवाल्याला फोन लावला, चांगला झापायचा म्हणून. तो म्हणाला, मालक, दोन आठवडे मी घरी झोपतोय, मला वाटलं तुम्ही दुसरा टेम्पो लावला.

शंभर टक्क्यांचा अहवाल टेबलावर काचेखाली ठेवलाय, तो तीनदा वाचला. अकरा आणि अकरा, त्यानंतर नवी आलेली नाही, बरोबरच आहे. तरी काहीतरी बरोबर नाही. उद्या बोळ ओलांडावा लागणार असं दिसतंय.

गुरुवार, २०

मला ओलांडावा लागला नाही. सकाळी दहाला मिस्त्रीच माझ्या दारात उभे राहिले. स्वच्छ शर्ट घालून आले होते. एकतीस वर्षांत मी त्यांना लाकडाच्या भुशाशिवाय पाहिलेलं नाही. हातात कागद.

म्हणाले, "मालक, मी काम सोडतो. धंदा बसलाय हे तुम्ही तोंडाने सांगत नाही, पण आम्हाला दिसतं. तीन तारखेपासून पडद्यावर एक ऑर्डर नाही. फुकटचा पगार मला पचत नाही. पोरांना तेवढं ठेवून घ्या."

मी विचारलं, एक ऑर्डर नाही म्हणजे काय? ते म्हणाले, कधी कधी एखादी दिसते, वाचायला चष्मा लावावा तर तोवर जाते. त्यांना वाटलं गिऱ्हाइकं ऑर्डर देऊन लगेच रद्द करताहेत. मी काही बोलत नव्हतो, म्हणून त्यांनी ओळखलं की मी लाजेने तोंड लपवतोय.

मी त्यांच्याबरोबर बोळातून शेडमध्ये गेलो. चारही सुतार स्टुलांवर बसलेले. रंधे तेल लावून ओळीने ठेवलेले. भिंतीवरच्या पडद्यावर लिहिलं होतं: "एकही ऑर्डर बाकी नाही."

सगळं एकदम लख्ख दिसलं. मी शब्द दिला की बटण दाबत होतो. बटण दाबलं की ऑर्डर पूर्ण, पूर्ण झाली की पडद्यावरून गायब, मग सुतारांनी करायचं काय? अकरा दारं. त्यातलं एकही झालेलं नाही, सुरूच झालेलं नाही, आणि अकराच्या अकरांना कुलूप. मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो. बाकी काही असो, स्टूल भक्कम आहे.

मिस्त्रींना सगळं सांगितलं. वाटलं आता हे आयुष्यभर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी हातातला कागद फाडून खिशात ठेवला आणि शर्ट बदलायला गेले. जाताना म्हणाले, मी आधी विचारायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मी तोंड फिरवलं नसतं तर विचारलंही असतं.

मग ताईला फोन करायचा होता. सव्वा तास फोन समोर ठेवून बसलो. लाकूड ओलं निघालं. टेम्पो बंद पडला. दोन सुतार तापाने आजारी. बिजागऱ्याच बाजारात नाहीत. एकेक सबब तयार करत होतो आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आधीच ऐकू येत होता. बावीस तारीख परवा. चारला तिचाच फोन आला. मी म्हटलं, "ताई, दार झालेलं नाही. सुरूच केलेलं नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं फोन तुटला. मग घड्याळाचा आवाज ऐकू आला, तिच्याकडचा. खरंच फार येतो.

"मग कधी होईल?" तिने विचारलं.

उद्या झालं समजा असं जिभेवर आलं होतं. मी फोन टेबलावर ठेवला, बोळातून जाऊन मिस्त्रींना विचारलं, परत आलो. म्हटलं, "बुधवारी. सव्वीस तारखेला दुपारी. त्याआधी होणार नाही."

"लिहून ठेवू?"

"लिहून ठेव."

तिने लिहिलं असावं. मग म्हणाली की ह्यांना मी सांगणार नाही, तू जाऊन सांग.

शुक्रवार, २१

आज अकरा दारं परत घेतली. जी कधी गेलीच नव्हती ती सगळी आज परत आली. बाई शेजारी बसून होत्या. त्या ओरडल्या नाहीत, फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. मी विचारलं, कुलूप काढून आतून गुपचूप चालू करता येणार नाही का? कुणाला कळणार? त्या म्हणाल्या, तेच तर. कुणाला कळणार नाही म्हणूनच ते निघत नाही.

प्रत्येक परतीला संगणक कारण विचारतो. माल खराब, चुकीचा माल, गिऱ्हाइकाने नाकारला, इतर. मी "इतर" निवडलं. तर खाली चौकोन उघडला, कारण लिहा. पहिल्या दाराला मी चांगलं अर्धं पान लिहिलं, ते मावलं नाही. शेवटी एवढंच लिहिलं: "दार झालं नव्हतं. मी झालं समजलो." अकरा वेळा लिहिलं. शाळेत फळ्यावर लिहायला लावायचे तसं वाटलं. मग अकरा नव्या ऑर्डरी टाकल्या, सगळ्या चालू. बोळातून करवतीचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, शंभर टक्के बघून त्यालाही शंका आली होती, पण इतकं छान वाटलं की विचारलं नाही. काचेखालचा अहवाल त्याने काढला नाही, मीच काढला.

संध्याकाळी दाजींकडे. त्यांची पिशवी भरून पलंगाजवळ ठेवलेली होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मला वाटलं भडकतील. त्यांनी विचारलं, बुधवार नक्की? म्हटलं, नक्की. मग म्हणाले, "गाडी चार तास उशिरा असली की मी फलाटावर तसं लिहायला लावायचो. लोक चरफडायचे, पण वळकटी पसरून झोपायचे. येतेच आहे म्हणून सांगितलं की लोक चार तास उभे राहायचे. तुझी बहीण पंधरा दिवस उभी आहे."

त्यांनी डॉक्टरांना बोलावून सत्तावीसपर्यंत राहतो म्हणून सांगितलं. पिशवीतून एकच गोष्ट बाहेर काढली, घड्याळ.

सोमवार, २४

काल जाऊन ताईच्या भगदाडाचं माप स्वतः घेतलं. ऑर्डरीत बाहेर उघडणारं, बिजागऱ्या उजवीकडे, कडी बसल्या हाताला येईल एवढी खाली, आणि उंबरठा नाही असं सगळं लिहिलं. आज सकाळी ताईने विचारलं की कडी आणखी दोन इंच खाली घेता येईल का, ह्यांचा खांदा दुखतो. मी बदललं. हिरवं सोडून दुसरं बटण दाबलं आणि दोन मिनिटांत शेडमधून मिस्त्रींनी ओरडून सांगितलं की दिसलं. बाई म्हणाल्या होत्या तसंच, चालू असेपर्यंत कोणी अडवत नाही.

दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, शनिवार. ते म्हणाले, शनिवार म्हणजे खरा शनिवार का? त्यांना कुणी सांगितलंय माझ्याबद्दल कुणास ठाऊक.

बुधवार, २६

दुपारी तीनला दार बसलं. मिस्त्री स्वतः आले होते. पाणी लागून फुगू नये म्हणून खालची कड त्यांनी दोनदा रंगवली. एका बोटाने ढकललं तरी उघडतं. ताईने चादर काढून घडी केली, मग दार लावलं, उघडलं, लावलं, असं सात-आठ वेळा. मी फोन काढला. बाईंनी आता सगळं माझ्या फोनवरही दिलंय. हिरवं बटण समोर होतं. मिस्त्री म्हणाले, "दाबा की, दार तर बसलं."

मी नाही दाबलं. म्हटलं, ज्यांच्यासाठी आहे ते अजून आलेले नाहीत. मिस्त्री माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मला ताप आहे.

गुरुवार, २७

दाजी अकराला घरी आले. टेम्पोवाल्यानेच आणलं, खुर्चीसकट. घरात शिरल्यावर त्यांनी पाणी घेतलं नाही, कुणाशी बोलले नाहीत, सरळ बाथरूमकडे. खुर्ची दोन्हीकडे पाच पाच इंच सोडून आत गेली. दार लागलं. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे बाहेर उभे. ताई, मी, धाकटा, मिस्त्री, टेम्पोवाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कडी आतून अडकली तर नसेल? बिजागरी? मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. वीस मिनिटं झाली. माझ्या हातात फोन, पडद्यावर विचारलेलं: माल पोहोचला?

शेवटी ताई दाराला कान लावून म्हणाली, "अहो, झालं का?"

आतून दाजी म्हणाले, "नाही."

एवढंच. आवाज खणखणीत होता. ताई दाराला टेकून उभी राहिली आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "घाई नाही." मग कुणाकडे न बघता चहाचं आधण ठेवायला गेली. दोन कप काढले, मग आम्ही दिसलो म्हणून आणखी चार.

मी होयला अजून हात लावला नाही. धाकटा घड्याळ बघत होता, त्याला म्हटलं तू जा, मी थांबतो. तोही थांबला.

अडतीस मिनिटांनी कडी निघाली. दाजी खुर्ची मागे घेत बाहेर आले, दाराची कड हाताने चाचपून बघितली, मग आम्हा सगळ्यांना ओळीत उभं बघून म्हणाले, "झालं. आता पांगा."

मग मी होय दाबलं.